दोन्ही खोक्यांवर 109

सायकलचा क्रँकसेट, म्हणजे पॅडलचे दांडे आणि पुढची दातेरी चकती, निवडायला मला एक संध्याकाळ लागली. बसवायला सव्वा महिना.

रायबंदरहून पणजीला मी फिक्सीवर जातो, म्हणजे चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरतंच अशा एकाच गिअरच्या सायकलवर. मांडवीकाठचा बांध, पोंत दे लिन्हारिश, 1633-34 सालचा आणि अगदी सपाट. आल्तिनो टेकडीच्या चढाचं नाव काढू नका. जुन्या क्रँकचा दांडा 170 मिमी लांब होता. फिक्सीवर वळतानाही पाय फिरतच राहतात, एकदा सर्कलला आतलं पॅडल डांबराला घासलं, तेव्हाच ठरवलं, आता 165. पुण्याच्या एका मुलाकडून सुगिनो 75 हा क्रँकसेट वापरलेला मिळाला.

मग दुकान. चौकोनी टोकाचं बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तो आस, हवं होतं, 109 मिमी लांबीचं. दुकानदाराने खोकं दाखवलं, त्यावर 109 छापलेलं. मीही मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी चेन गुरगुरायला लागली. पट्टी लावून मोजलं. फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगच्या (पुढच्या चकतीच्या) दातांपर्यंत 42 मिमी हवेत, भरले 46च्या वर. मागचा कॉग (छोटी दातेरी चकती) 42वरच, म्हणजे चेन तिरकी. कारण असं की चौकोनी टोकं दोन मापांची असतात, जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक). निमुळतेपणा सारखाच, पण जेआयएसचं टोक जाड. सुगिनो 75 आयएसओ आहे. जाड टोकावर तो पूर्ण आत बसतच नाही, चारेक मिमी बाहेर राहतो. लांबी मात्र दोन्हींची 109!

हे दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "चौकोनी तो चौकोनीच." शेवटी माझी पट्टी बघून त्याने ऑर्डर दिली म्हणे. मग रोज एकच उत्तर: "फाल्यां यो, बाब." म्हणजे उद्या ये. पहिल्या आठवड्यात मी हसून परत यायचो. दुसऱ्यात फोन करायला लागलो. तिसऱ्यात चवथ आली आणि सगळा गोवाच बंद! उघडल्यावर कळलं, ऑर्डर गेलीच नव्हती. मी तिथेच उभं राहून मोबाइलवरून स्वतः मागवलं. नऊ दिवसांत आलं.

बसवलंही स्वतःच. पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लावण्याआधी बोल्ट आणि वॉशर दोन्ही काढा, वॉशर आत राहिला तर पुलर क्रँकचे आटे ओरबाडून काढतो. पुलर आधी हातानेच पूर्ण आत फिरवा. ब्रॅकेट फ्रेममध्ये धरणारा उजवा कप बहुतेक फ्रेमवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने सुटतो. मी अर्धा तास त्याला आवळतच होतो. डावं पॅडलही उलटंच. क्रँकचे बोल्ट 40 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर परत तपासा. सैल क्रँकवर "घरापर्यंत जाऊ या" म्हणू नका, मऊ अॅल्युमिनियमचं भोक गोल झालं की कितीही आवळा, उपयोग नाही.

हो, चेनरिंग नेहमी थोडी लंबगोल फिरते, म्हणून चेन जिथे सगळ्यात घट्ट होते तिथे बघून ताणा. आणि पुढे 48, मागे 16 दात घेऊ नका, स्किड करताना, म्हणजे पॅडल अडवून मागचं चाक घसरवताना, टायर एकाच जागी झिजतो. माझं 47-17 आहे, झिजायच्या जागा सतरा. पुढचा ब्रेक मी काढलेला नाही. पावसाळ्यात लाल चिखल चेनवर वाळू देऊ नका.

आता आवाज शून्य. चुकीचं ब्रॅकेट दुकानदाराने परत घेतलं नाही, "वापरलेलं" म्हणून. घरी पडलंय. 109, जेआयएस. कुणाला खरंच लागत असेल तर घेऊन जा, पण आधी क्रँक कुठला ते सांगा.