कटल्याचा गेफिल्टे फिश

ज्यूंच्या यिद्दिश भाषेत 'गेफिल्टे' म्हणजे भरलेला. आपल्याकडे भरली वांगी असतात तसा हा मुळात भरला मासा होता. माशाचे कातडे अलगद सोलून, गराचे सारण करून ते पुन्हा कातड्यात भरले जात असे. पुढे बहुतेक घरांत भरण्याची पायरी गळून गेली आणि नुसत्या सारणाचे गोळे उकडू लागले. नाव मात्र तेच राहिले.

हा पदार्थ पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा, शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आणि सणांच्या जेवणाच्या आरंभी थंड वाढण्याचा. पुण्यात ज्यू म्हटले की १८६७ साली पूर्ण झालेले कॅम्पातले लाल देऊळ हे ज्यू प्रार्थनास्थळ आठवते. परंतु ते बगदादी ज्यूंचे, आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या घरी मासा शिजतो तो नारळाच्या दुधात. त्यामुळे इथे कोणाला विचारून शिकावे, अशी सोय मला नव्हती.

मासा निवडणे सोपे गेले. तिकडे कार्प वापरतात आणि आपला कटला त्याच कुळातला, शिवाय खवले व पर असलेला, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारा. गणेश पेठेतल्या मासेवाल्या मावशींनी सवयीने तुकडे करायला सुरी उचलली, तेव्हा "मावशी, तुकडे नकोत, गर वेगळा आणि डोके, काटे, कातडे वेगळे द्या," असे सांगावे लागले. "कालवण नाही करायचं? मग काटे कशाला नेता?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी चालता चालता दिले, ते त्यांना पटलेले दिसले नाही.

खरे काम काट्यांचेच आहे. शब्बाथच्या दिवशी अन्नातून टाकाऊ भाग निवडून काढणे हे निषिद्ध कामांत मोडते, म्हणून काटे आदल्याच दिवशी काढलेला मासा सोयीचा ठरला. कटल्याच्या गरात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुबेळके काटे दडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनाच सापडतात. दीड किलोच्या माशासाठी मला पाऊण तास लागला. पहिल्या खेपेला मी गर मिक्सरमध्ये फिरवला होता, तर गोळे रबरासारखे झाले. या वेळी सुरीने बारीक कोचला आणि त्यात बारीक चिरलेले दोन कांदे, दोन अंडी, चार चमचे टोस्टचा चुरा, मीठ, पांढरी मिरी व चमचाभर साखर घातली. मूळ कृतीत चुरा मात्झाचा, म्हणजे बिनखमिराच्या रोटीचा असतो. साखरेवरून तिकडेही दोन तट आहेत: पोलंडकडचे गोड करतात, लिथुआनियाकडचे मिरीचे तिखट. आले-लसूण घालण्याचा मोह मी निग्रहाने आवरला.

डोके, काटे, कातडे, कांदा आणि गाजर यांचे पाणी उकळून गाळले. डोक्यातले कल्ले आधी काढलेच पाहिजेत. गेल्या खेपेस ते राहिले आणि सगळे पाणी कडू झाले होते. ओल्या हाताने वळलेले गोळे त्यात तासभर मंद आचेवर शिजवून, प्रत्येकावर गाजराची एक चकती ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी काट्या-कातड्यातल्या चिकटपणामुळे रस्सा थरथरत्या जेलीसारखा गोठला होता.

सोबत हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाची, बिटाने लाल केलेली चटणी लागते. ते मूळ मला मिळाले नाही, म्हणून पांढरा मुळा किसून त्यात वाटलेली मोहरी, बीट व व्हिनेगर घातले. हॉर्सरॅडिश, मुळा आणि मोहरी या तिन्ही वनस्पती एकाच कुळातल्या असल्यामुळे झणका नाकात तसाच चढला.

थंड मासा ही कल्पनाच न रुचलेल्या सासूबाईंनी पहिला गोळा चटणीच्या आधाराने संपवला, दुसरा मागून घेतला, आणि मग ही जेली गरम भातावर घेतली तर चालेल का, असे विचारले. भातावर पडताच ती वितळली. त्यांनी वर आमसुलाचे आगळ ओतले, आणि मी काही बोलले नाही.