वांग, खाज आणि गळलेले केस

गरोदरपणात चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात. माझ्या चेहऱ्यावर वांग आले.

दोन्ही गालांवर डाग आणि वरच्या ओठावर मिशीसारखा तपकिरी पट्टा. समोरच्या काकूंनी त्यावरून मुलगा होणार हे जाहीर करून टाकलं. सासूबाईंनी बेसनात लिंबू पिळून दिलं. चेहरा चरचरला, वांग होते तिथेच. त्वचेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं: हार्मोन्समुळे रंगद्रव्य वाढतं, ऊन लागलं की आणखी गडद होतं. हायड्रोक्विनोन, रेटिनॉइड असली डाग घालवायची क्रीम आत्ता नकोत. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, सनस्क्रीन लावा, कारण वांग नुसत्या उजेडानेही वाढतात आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. ते लावून, वर ओढणी गुंडाळून पुण्याचा एप्रिल काढला. वांग गेले नाहीत, पण वाढलेही नाहीत. बेंबीखालची काळी रेघ आणि मांड्यांवरचे व्रण यांचं मी काहीच केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंही.

लक्ष द्यावं लागलं ते खाजेकडे. आठव्यात पोट खाजायला लागलं. कातडी ताणली की खाजतेच. "बाळाला जावळ दाट येणार बघ," म्हणत आई खोबरेल चोळायची. पण मग रात्री तळहात आणि तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, काही चावल्याची खूण नाही. मध्यरात्री उठून गार फरशीवर अनवाणी उभी राहिले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तपासणीच्या वेळी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी लिहीत असलेलं पेन खाली ठेवलं. "तळव्यांना? आणि रात्री जास्त?" त्याच दिवशी रक्त दिलं, लिव्हरच्या तपासण्या आणि बाइल ॲसिड, म्हणजे पित्तातलं आम्ल, यासाठी. बाइल ॲसिड वाढलेलं निघालं. याला कोलेस्टेसिस म्हणतात. पित्त नीट वाहत नाही आणि त्यातले घटक रक्तात साठतात. आईला मुख्य त्रास खाजेचाच, पण बाइल ॲसिडची पातळी 100 मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेली तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. माझी त्याच्या बरीच खाली होती. गोळ्या, दर आठवड्याला रक्त, आणि 37 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणायच्या असं ठरलं. बाळंतपणानंतर खाज थोड्या दिवसांत गेली. मुलगी झाली, आणि डोक्यावर जावळ म्हणाल तर नावाला. काकू मुलाचा विषय आता काढत नाहीत.

गरोदरपणात माझे केस मात्र कधी नव्हते इतके दाट झाले होते. एरवी गळणारे केसही इस्ट्रोजेनमुळे तेव्हा टिकतात, आणि मग बाळंतपणानंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी एकदम जातात. लेक हसायला लागली आणि न्हाणीघराची जाळी तुंबायला लागली. "मूल हसायला लागलं की आईचे केस जातातच," आई म्हणाली. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घेतलं. फेरिटिन कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या. अळिवाचे लाडू खाल्ले, पण ते आवडतात म्हणून. वर्षाच्या आत कपाळावर आखूड केस उभे राहिले, कशानेही न बसणारे.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. लेकीचा मोजा काढताना पायाच्या बोटाला माझा लांब केस गुंडाळलेला दिसला. तो आवळत गेला तर बोटाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. आमचा सैल होता, बोटाने सुटला. तेव्हापासून मोजे उलटे करून झटकते, आणि ती उगाच रडायला लागली की आधी हातापायांची बोटं बघते.