पोचतं का हो ते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे जिन्यात थांबवणारे काका, व्याख्यानाला बोलावून चहाच्या वेळी बाजूला घेणाऱ्या बाई, माझ्या बहिणीचे सासरे, बँकेतली मुलगी. प्रश्न तोच असतो: "गाझाला पाठवलेलं पोचतं का हो खरंच?" त्यातला 'हो' आपुलकीचा असतो. 'खरंच' मात्र मला टोचतो.

"पोचतं. सगळं नाही, पण पोचतं." हे माझं पाठ झालेलं उत्तर. आज जरा सविस्तर देते, कारण एक तर त्या उत्तराचा मलाच कंटाळा आलाय, आणि दुसरं म्हणजे ते पूर्ण खरं नाही.

काकांच्या डोक्यात असते चोरी. पुराच्या वेळी आलेल्या ताडपत्र्या कुठल्या गोदामात गडप झाल्या ते त्यांनी पाहिलंय, त्यामुळे मी रागावत नाही. (रागावते, पण दाखवत नाही.) काका, चोरी होते. 2025 च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या नोंदी सांगतात की बहुतेक ट्रक मुक्कामाला पोचलेच नाहीत. वाटेतच भुकेल्या लोकांनी नाहीतर हत्यारबंद टोळ्यांनी ते रिकामे केले. पण त्याआधी 2 मार्चपासून अकरा आठवडे इस्रायलने एकही ट्रक आत सोडला नव्हता, हेही त्याच हिशेबात धरा. अकरा आठवड्यांनी आलेलं पिठाचं पोतं ट्रकवरून ओढणाऱ्या बापाला चोर म्हणायचं असेल तर म्हणा.

मावशीचा प्रश्न वेगळा. ती आमच्या शेजारची, अलिबागजवळच्या गावातली. बेने इस्रायली घर, आमच्या ओसरीला लागून त्यांची ओसरी. सत्तरच्या दशकात लग्न होऊन ती अश्दोदला गेली, पण मराठी अजून माझ्यापेक्षा चांगली बोलते. 2023 मध्ये 7 ऑक्टोबरला हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतरच्या आठवड्यात भोंगा वाजला की ती फोन चालू ठेवून जिन्याखाली जाऊन बसायची. तिने विचारलं, "बाय, ते कुणाच्या हातात जातं ते तू डोळ्यांनी बघितलंस काय?" मी म्हटलं, नाही. उनर्वा म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, तिच्या नऊ कर्मचाऱ्यांचा त्या हल्ल्यात हात असू शकतो, हे संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीतून ऑगस्ट 2024 मध्ये बाहेर आलं. ती बातमी मला पहिल्यांदा मावशीनेच पाठवली, खाली एक अक्षर न लिहिता. मी उत्तर लिहिलं की तिथे उनर्वाची हजारो माणसं काम करतात, शेकडो मारली गेली. तेही खरंच होतं. दोन दिवस आम्ही बोललो नाही, तिसऱ्या दिवशी तिने पुरणपोळीचा फोटो पाठवला. तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पण मला जे सांगायचंय ते या दोघांनीही विचारलेलं नाही. ते आईने विचारलं.

मी फार्मासिस्ट. 2024 च्या फेब्रुवारी ते जून मी अल-अरिशला होते, एका परदेशी संस्थेच्या गोदामात. अल-अरिश इजिप्तमध्ये, समुद्रकाठी, गाझात शिरायच्या रफाह नाक्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर. भारताने 22 ऑक्टोबर 2023 ला पाठवलेलं विमानही तिथेच उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला मैलोन् मैल ट्रक उभे असत, खाली सावलीत ड्रायव्हर स्टोव्हवर चहा उकळत बसलेले. ट्रक रफाहला जायचा, तिथून तपासणीसाठी दक्षिणेला नित्झानाला, इस्रायलच्या नाक्यावर, तपासून पुन्हा रफाहला, आणि मग आत. माझं काम याद्यांचं. कुठल्या खोक्यात काय, किती, वजन किती, मुदत कधी संपते. यादीत चूक झाली तर ट्रक अडतो, म्हणून यादी चोख. यादी करणं मला आवडायचं, अगदी चिपळूणपासून. 2021 च्या पुरानंतर तिथल्या चिखलात उभी राहून मी लोकांवर ओरडायचे, जुन्या साड्या पाठवू नका हो, यादी बघा, यादी! ती मुलगी मला आता भेटली तर तिला काय सांगावं कळत नाही. तिचं म्हणणं होतं की नीट यादी केली की निम्मं काम झालं.

एप्रिलच्या सुरुवातीला आमचा एक ट्रक एकोणिसाव्या दिवशी परत आला. त्यात बाळंतपणाची 640 किट होती. एका किटमध्ये प्लास्टिकची चादर, साबण, हातमोजे, नाळ बांधायच्या दोऱ्या, बाळाला गुंडाळायला फडकं आणि एक कात्री. बोटाएवढी, स्टीलची, टोकं बोथट. ट्रकबरोबर आलेल्या कागदावर एकाच ओळीखाली रेघ होती, ती कात्रीची. एक वस्तू नामंजूर म्हणजे अख्खा ट्रक परत, रांग पुन्हा पहिल्यापासून. हे आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. त्याच मार्चमध्ये उनर्वाचे प्रमुख फिलिप लाझारिनी यांनी जाहीर सांगितलं होतं की मुलांच्या वैद्यकीय किटमधल्या कात्र्यांपायी ट्रक परत आला. इस्रायलचं म्हणणं असायचं की आम्ही मदतीला मर्यादा घातलेली नाही, पण नागरी वस्तूचा लढाईत वापर होऊ शकतो. 'दुहेरी वापर' हा शब्द त्या काळात मी दिवसातून वीस वेळा ऐकला.

दोन रस्ते होते. कात्री कशासाठी ते लिहून पाठवायचं आणि वाट बघायची, किंवा कात्र्या काढायच्या. आमच्या बैठकीत साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कारण यादी माझी. मी म्हटलं, काढूया. मला वाटतं, चार सेकंदही लागले नसतील.

दोन रात्री आम्ही सहा जण खोकी उघडत बसलो. बाहेर खमसीनचा वारा, पत्र्याच्या फटीतून रेती आत, दातांत कचकच. खोकं ओढायचं, टेप फोडायची, किट काढायचं, पिशवीची झिप उघडायची, कात्री बाहेर, झिप बंद, नवी टेप. टेप फोडायला गोदामात दोनच सुऱ्या होत्या. त्या बोथट झाल्यावर पहिल्या खोक्यातून निघालेल्या कात्र्यांनीच आम्ही पुढची खोकी उघडली. हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका इजिप्शियन हमालाच्या लक्षात आलं, त्याने हातातली कात्री वर धरून दाखवली आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं तिच्या हातची. काय केलंस म्हणाली, तर मी सांगितलं. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं.

"मग नाळ कशाने कापायची?"

"अगं, तिथे दवाखान्यात असेल की काहीतरी."

"दवाखान्यात बाळंत होणार असत्या तर किट कशाला पाठवलं असतंस?"

मी म्हटलं, नेटवर्क जातंय. जात नव्हतं.

आता इथे माझी बाजू मांडते, कारण ती कोणी मांडत नाही. कात्र्या ठेवल्या असत्या तर चादर, साबण, हातमोजे सगळंच अडकलं असतं. एक वस्तू गेली, पाच गेल्या नाहीत. तंबूत बाळंत होणाऱ्या बाईला साबण मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि हे आईलाही माहीत आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन, असं मी सांगत असते.

पण खरी गोष्ट कात्रीची नाहीच, तिच्यानंतरची आहे. पुढची यादी करायला बसले तेव्हा कोणी काही म्हणायच्या आत मी टाक्यांच्या सामानातली कात्री खोडली. मग सौर दिवे, मग कुबड्या, कारण त्या ॲल्युमिनियमच्या. कुबड्या नाकारल्याचा कुठलाही कागद माझ्याकडे आलेला नव्हता. मीच ठरवलं की नाकारतील. आमच्या तक्त्यात 'शेरा' म्हणून एक रकाना होता, त्यात मी लिहिलं, 'पुढील खेपेस'. पुढची खेप कधीची, ते लिहिलं नाही. आमच्या ट्रकांपैकी त्यानंतर एकही परत आला नाही, आणि साहेबांनी मेलमध्ये माझं कौतुक केलं.

किट एप्रिलच्या शेवटी आत गेली. 7 मेला रफाह बंद झालं आणि रांगेतल्या ट्रकांत माल उन्हाने सडू लागला. 13 मेला संयुक्त राष्ट्रांच्या गाडीवर मारा होऊन निवृत्त कर्नल वैभव काळे गेले. पुण्यात घर असलेला माणूस. माझी त्यांची ओळख नव्हती, पण त्या रात्रीपासून आई दिवसातून तीनदा फोन करायला लागली, आणि नाळेचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

जूनमध्ये पोच आली. एका पानाचा फोटो, निळा शिक्का, तिरकी सही, अरबी आकड्यांत 640 पैकी 640. हीच पोच मी व्याख्यानात पडद्यावर दाखवते. "बघा, पोचलं," म्हणते. तुम्ही टाळ्या वाजवता, काही जण तिथेच पैसे देता, आणि त्या पैशांचं पीठ होतं, औषधं होतात. मग मी कात्रीचं सांगावं का? सांगितलं तर पुढच्या वेळी तुम्ही द्याल का? तुम्ही म्हणाल, आम्हाला एवढे हलके समजता? कदाचित समजत असेन. किंवा मला माझं कौतुक झालेलं तेवढंच दाखवायचं असेल. दोन्ही शक्य आहे.

हल्ली मी पुण्यातूनच त्या संस्थेच्या याद्या तपासते. युद्धबंदी झाल्यावरही याद्या येतच आहेत. परवा एक आली, बाळंतपणाच्या किटची. सहाव्या ओळीत कात्री. मी ती तशीच ठेवून यादी पुढे पाठवली. संध्याकाळी अल-अरिशच्या नव्या मुलीचा निरोप आला, 'सहा नंबर नक्की ठेवायचा ना?'

दोन दिवस झाले. तिला अजून काही कळवलेलं नाही.