टिप धरली! पावसाळ्यातला ले-अप आणि कोअरचा ओलावा

मंडळी, टिप धरली, म्हणजे स्वतः बनवलेल्या स्कीचं पुढचं वळलेलं टोक नीट चिकटलं. प्रेसमधून निघालेल्या १७८ सेंटिमीटरच्या नव्या जोडीवर टेलपासून (मागच्या टोकापासून) टिपेपर्यंत रुपयाचं नाणं वाजवत गेलो आणि कुठेच पोकळ 'थप' आली नाही. बाइंडिंगखाली (बूट अडकतो तिथे) जो टणक आवाज, तोच कोअर, म्हणजे आतला लाकडी गाभा, दोन मिलिमीटरवर उतरतो तिथेही. जूनपासून ज्या एका गोष्टीने डोकं खाल्लं होतं ती सुटली, म्हणून आज फक्त तिच्याबद्दलच लिहितो. ग्राफिक्स, टॉपशीट वगैरे नंतर.

मागच्या जोडीचं काय झालं ते आधी सांगतो. फ्लॅश (कडेने बाहेर आलेलं जादा रेझिन आणि कापड) कापून झाला, एज (स्टीलच्या कडा) घासून झाल्या, आणि हाताने फ्लेक्स करताच टिपेकडून 'कर्र' असा आवाज आला. सुटलेल्या जागी पटाशी घालून ट्रायॲक्स (तीन दिशांनी धागे असलेलं ग्लासचं कापड) उचलला तर तो कागदासारखा निघून आला. त्याच्या खालच्या बाजूला लाकडाचा एक तंतूही नव्हता. जोड चांगला असेल तर तुटताना लाकूड फाटतं, रेझिनला लाकडाचे कुसळ चिकटून येतात. इथे कोअरचा पॉपलर जसाच्या तसा गुळगुळीत होता, आणि रेझिनवर घावनाला पडते तशी बारीक जाळी. भिंग लावून पाहिलं, एकेक भोक सुईच्या टोकाएवढं.

पहिला संशय दाबावर. आपला ब्लॅडर (प्रेसमध्ये हवा भरून दाब देणारा भाग) म्हणजे ६३ मिमीच्या आरआरएल (रबराचं अस्तर असलेल्या) फायर होजचे तीन तुकडे. होज सपाट असताना जेमतेम १०० मिमी रुंद असतो, पण १५ मिमीची फट भरायला फुगला की प्रत्यक्ष टेकणारी रुंदी ७५ मिमीवर येते. तिन्ही मिळून साडेबावीस सेंटिमीटर. लांबी १९० सेंटिमीटर, ४० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.८ किलो, एकूण जोर बारा टनांच्या घरात. मधे भरपूर, पण टिपेच्या वळणावर फट वाढली तर होजची टेकण आणखी कमी होणार, ही भीती होती. म्हणून कॅसेटमध्ये (ज्या पत्र्यांच्या मधे स्की रचून प्रेसमध्ये सरकवतो) स्टेशनरीच्या दुकानातला कार्बन पेपर आणि पांढरा कागद घालून प्रेस नुसता थंडच दाबला. छाप टोकापर्यंत एकसारखा उठला. दारुखान्यातून (मुंबईतला जुन्या लोखंडाचा बाजार) आणलेले प्रेसचे आयएसएमबी २०० (२०० मिमी उंचीचे) गर्डर तसूभरही वाकले नव्हते. जुना माल असूनही सरळ मिळाला, आणि विकणाऱ्या काकांनी दोरी लावून दाखवूनच दिला. गर्डर घ्यायचे तर तिथूनच घ्या.

दुसरा संशय रेझिनवर. प्रत्येक ले-अपमधलं (थर रचून चिकटवतानाचं) थोडं रेझिन मी कपात ठेवतो. तो नमुना नखाने दाबला जात नव्हता, तुटला तोही काचेसारखा. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण बरोबर होतं.

मग उरलं लाकूड. त्याच कोअरच्या पट्टीचा उरलेला तुकडा आईच्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) १०३ अंशांवर ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तोलत राहिलो. ओलावा निघाला १६ टक्क्यांच्या वर! दुकानदाराने 'एकदम सीझन्ड' म्हणून दिलेलं पॉपलर होतं ते. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. भट्टीतून लाकूड कोरडंच निघालं असेल, पण जुलैच्या मुंबईत ८५ टक्के आर्द्रतेत पडून राहिलं की कोणतंही लाकूड तिथेच जाऊन पोचतं. कोअरला हवा ६ ते ८ टक्के. आमच्या एका कोअरचं पूर्ण कोरडं वजन ६६० ग्रॅम येतं आणि तो भरत होता ७६८. सात टक्क्यांवर आणायला प्रत्येक कोअरमधून साठेक ग्रॅम पाणी काढायला हवं होतं. ते सगळं पाणी आपण ग्लासच्या दोन थरांत कोंडून ८० अंशांवर तापवत होतो.

जे अजून व्हॅक्यूम बॅगवर काम करतात (प्रेसऐवजी पिशवीतली हवा काढून दाब देतात) त्यांनी तर हे फारच मनावर घ्यावं. ८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब अर्ध्या ॲटमॉस्फियरच्या जवळ असतो. प्रेसमध्ये ते पाणी उकळत नाही, पण लाकडाच्या छिद्रांतली हवा आणि वाफ तापून बाहेर ढकलली जातेच. बॅगेत चांगला व्हॅक्यूम असेल तर पाणी पन्नास अंशांच्याही आधी उकळतं. शिवाय ओलाव्यात अमाइन हार्डनरची (इपॉक्सी रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाची) वेगळी तक्रार असते. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर तेलकट थर धरतो. त्या थरावर पुढचं काहीच नीट चिकटत नाही. तो आधी कोमट पाण्याने पुसायचा, मगच पॉलिशपेपर.

उपाय अगदी साधा निघाला. डीह्युमिडिफायर घेणार होतो, त्याची गरजच पडली नाही. ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा नुसती ५० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते, आणि त्या हवेत लाकूड आपोआप पाच-सहा टक्क्यांकडे जातं. भांडुपच्या गाळ्यात प्लायची लांब पेटी केली, लोहार चाळीतून छोटा हीटर आणि एसटीसी-१००० तापमान कंट्रोलर आणला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला आणि दोन टोकांना भोकं पाडली. कोअर आडवे न ठेवता कडेवर उभे ठेवले, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात आणि कोअर वाकत नाही. रोज सकाळी वजन. ७०६ ग्रॅमचा, म्हणजे सात टक्क्यांचा, आकडा काट्यावर दिसला तेव्हा गाळ्यात मी एकटाच होतो, तरी मोठ्याने ओरडलो.

पण कोअर पेटीबाहेर काढून ठेवला की तासाभरात पाच-सहा ग्रॅम परत पितो. म्हणून ले-अपचा क्रम बदलला. बेस (बर्फावर घसरणारा प्लॅस्टिकचा थर), एज, व्हीडीएस (रबराची पातळ पट्टी), खालचा ट्रायॲक्स हे सगळं भिजवून तयार, आणि कोअर अगदी शेवटी, पेटीतून थेट कॅसेटवर. याचा दुसराही फायदा झाला. गरम लाकूड निवताना छिद्रांतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. तापलेल्या लाकडामुळे रेझिन घट्ट होण्याआधीचा वेळ मात्र कमी होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण निम्मा होतो. तेव्हा रेझिन खोल डब्यात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता.

या जोडीत एजही मस्त बसल्या आहेत. टिपेचं वळण थंडच वाकवलं आणि बेसला फेव्हिक्विकचे ठिपके देऊन धरलं. नख फिरवलं तर सांधा लागत नाही. बेस आणि एज अजून परदेशातूनच मागवावे लागतात आणि कस्टममध्ये दर वेळी 'हे नक्की काय आहे' हे समजावत बसावं लागतं. ट्रायॲक्ससाठी मात्र पवनचक्कीची पाती बनवणाऱ्यांकडचे उरलेले रोल शोधा. बाजारात फायबरग्लास म्हणून मिळणारं चॉप्ड मॅट स्कीला कामाचं नाही, आणि त्यासोबत गळ्यात मारतात ते पॉलिएस्टर रेझिन तर अजिबात नाही.

पुढची जोडी शिवण लाकडात करायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वेगळंच सुचतंय. मामा सोलापूरला असतो. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. पट्ट्या त्याच्याकडे सावलीत रचून ठेवायच्या, जूनच्या आधी जाड प्लॅस्टिकमध्ये हवा काढून बंद करायच्या आणि तशाच मुंबईत आणायच्या. वीज लागणार नाही आणि लाकूडही सावकाश सुकेल. तसं असेल तर शिवण कशाला, सिंधुदुर्गातला माणगा बांबूच घेऊ! भरीव असतो, पट्ट्या चांगल्या निघतात, बाइंडिंगचे स्क्रूही घट्ट धरेल असं वाटतंय. कीड लागू नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात बुडवावा लागेल, म्हणजे तो सुकवणं आणखीच महत्त्वाचं. शिवण बाजूला ठेवतो, माणगाच.

त्याआधी या जोडीच्या कापून टाकलेल्या तुकड्यात स्क्रू घालून ओढून बघायचा आहे, मग बेसला स्ट्रक्चर (बारीक रेघा), आणि जानेवारीत गुलमर्ग. माणग्याच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून कोअर केलेला कुणाकडे असेल तर गाठींचं काय केलंत ते जरूर सांगा. रंधा मारताना तिथे फाटतं का, की घासूनच सपाट करावं लागतं?