गंगाजळी

रविवार, रात्री साडेदहा

काल एका मोठ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. माझ्या कारखान्यासाठी पंपाच्या हाउसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) मशिनिंग, वर्षभराचं पक्कं काम, दरही बरा. अट एकच, बिलापासून १२० दिवसांनी पेमेंट. परचेसच्या साहेबांना माझं उत्तर खरंच वाटेना. "मॅडम, एवढं काम कुणी सोडतं का?" मी म्हटलं, ४५ दिवसांत देत असाल तर उद्यापासून सुरू करते. विषय तिथंच थांबला. आणि रात्री मला गाढ झोप लागली. काही वर्षांपूर्वी असं काम हातचं गेलं असतं, तर मी रात्रभर छताकडं बघत बसले असते.

उधारी काय करते ते बाहेरून कळत नाही. जॉबवर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करताना, कास्टिंग (ओतीव भाग) गिऱ्हाइकाचंच येतं, म्हणून लोक विचारतात, तुमचं भांडवल अडकतंच कुठं? ते अडकतं पगारात, लाइट बिलात, इन्सर्टमध्ये (धातू कापायच्या टोकांत), कूलंटमध्ये. जानेवारीत बिल केलं की त्यावरचा जीएसटी २० फेब्रुवारीपर्यंत भरायचा, आणि पैसे हातात यायचे मे महिन्यात. मिळालेच नाहीत त्या पैशांवरचा कर आधी खिशातून जातो. सीसी (कॅश क्रेडिट, बँकेच्या उचलीच्या) खात्याचं गणित तर याहून कडक. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा हिशेब) द्या, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ते, ठरणार, आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक सहसा त्यात धरत नाही. म्हणजे गिऱ्हाईक जितकं थकवेल तितकी आपली उचल कमी, तीही नेमकी नड असते तेव्हा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात असे कारखाने मी पाहिलेत. तीन पाळ्या चालू, आवारात ट्रक उभे, आणि मालक पगाराच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी हातउसने मागतोय.

कायदा खरं तर लहान कारखानदाराच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आता आयकराच्या एका कलमानं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करून मिळत नाही. चांगलं कलम आहे, आणि त्याचा फायदा मला झाला आहे. पण ज्याचं बहुतेक काम एकाच गिऱ्हाइकाकडून येतं, तो तक्रार करायला जातच नाही. कायद्याचा आधार घ्यायचा तरी चार महिने तग धरता आला पाहिजे. श्रीमंती कशासाठी हवी, याचं माझं उत्तर हेच आहे. पुढचे सहा महिने कुणाच्या मर्जीवर नसावेत.

त्यासाठी मी जे केलं ते दिसायला फार साधं. उद्यमनगरात जुनी लेथ घेऊन सुरुवात केली तेव्हापासून कारखान्याचं खातं वेगळं आणि घरचं वेगळं. मला दर महिन्याला ठरलेला पगार, एखादा महिना जोरात गेला तरी तेवढाच. वर राहील त्यातून आधी गंगाजळी : सहा महिन्यांचे पगार, भाडं आणि हप्ते भागतील एवढी रक्कम मुदत ठेवीत, कारखाना ज्या बँकेत आहे तिथं नाही, दुसऱ्या बँकेत. ती पुरी होईपर्यंत नवं मशीन नाही, गाडी नाही. वर्षं गेली यात. बरोबरीच्या मैत्रिणींचे फ्लॅट झाले, आई एकदा म्हणालीच, "एवढं मिळवतीस, मग दिसत कसं न्हाई गं?" तिला तेव्हा पटवून सांगता आलं नाही. टाळेबंदीत तीन महिने काम जवळपास बंद होतं आणि एकाचाही पगार चुकला नाही, तेव्हा तिनंच शेजारणींना सांगितलं. आमचे टर्नर (लेथ चालवणारे) मामा अजून माझ्याकडंच आहेत. ज्या हातांना दहा-वीस मायक्रॉनचा फरक कळतो, ते हात पगार थकला की निघून जातात, आणि मग कुठल्याही कर्जानं परत येत नाहीत.

पुण्याला जाताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली की मी नेहमी खिडकीशी येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली नोकरी सोडली ती हक्काची बढती डावलली गेली म्हणून. बेळगावला सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीपायी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांचा मी फार विचार करते. माल तयार, तो चांगला आहे हे आपल्याला ठाऊक, आणि दारात गिऱ्हाईक नाही. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचं कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या रानात कारखाना उभा राहिला. एकट्याच्या बळावर उभं राहणं म्हणजे स्वावलंबन, असं पूर्वी मला वाटायचं. आता तसं वाटत नाही. पैसा घ्यावाच लागतो. तो देणारा आपल्याला थांबू देतो की रोज नाचवतो, एवढं मात्र पारखून घ्यावं. औंधच्या कर्जानं थांबू दिलं. १२० दिवसांची उधारी तर उलटं आपल्यालाच सावकार करते, तेही बिनव्याजी.

जॉबवर्कमध्ये दर कायम दुसराच ठरवणार, हे मात्र गंगाजळीनंही बदलत नाही. म्हणून पावसाळ्यापासून स्वतःच्या मालाच्या मागे लागले आहे : उसाचा डोळा, म्हणजे पेरावरचा कोंब, काढायचं हातयंत्र. आपल्याकडं रोपवाटिका वाढल्यात, डोळा काढून रोपं केली की बेण्याचा ऊस पुष्कळ वाचतो. बाजारातल्या यंत्रांचं पातं लवकर बोथट होतं आणि डोळ्याला इजा होते. आमच्या दुसऱ्या नमुन्याचा काप स्वच्छ येतोय, फक्त पात्याचं हार्डनिंग (तापवून कडक करणं) मनासारखं झालेलं नाही. शिरोळकडच्या एका रोपवाटिकेतल्या बायकांनी वापरून बघितलं, मूठ जाड आहे म्हणाल्या. खरंच आहे, मूठ मी माझ्या हाताच्या मापानं केली होती, त्यांचा हात दिवसभर चालतो.

उद्या मामांना मूठ बारीक करायला सांगायची. हीट ट्रीटमेंटवाल्याकडं दोन पाती वेगवेगळ्या टेंपरिंगला (पुन्हा तापवून चिवट करायला) टाकायची. आणि १२० दिवसांच्या उधारीच्या कामासाठी मोकळी ठेवलेली दुपारची पाळी मंगळवारपासून या यंत्राला द्यायची.