अरिष्ट

पुण्याचा भाचा शनिवारी येणार होता आणि त्याने फोनवर एकच फर्माईश केली होती, "मामा, गोव्याची एखादी क्राफ्ट बिअर आणून ठेवा, पण स्ट्रॉंग." त्यामुळे मे महिन्यातल्या एका दुपारी, फोंड्याच्या बाजारात नारळ आणि सोलं घेऊन झाल्यावर, मी आमच्या नेहमीच्या दुकानात शिरलो. नेहमीचे म्हणायचे ते काजूगरांपुरते. त्या दुकानात डाव्या भिंतीला काजूगर आणि उजव्या भिंतीला दारू असते, आणि गेली तीस वर्षे मी डावीकडे तोंड करूनच उभा राहत आलो आहे.

"आयज उजवेकडेन?" दुकानदाराने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता फ्रीजकडे बोट दाखवले.

काचेवर बाष्प धरले होते. ते तळहाताने पुसल्यावर आत जे दिसले ते बिअरपेक्षा बालवाङ्मयाच्या दालनासारखे होते: माकडे, मासे, नारळाची झाडे, गॉगल लावलेला बैल. एका कॅनवर 'एट फिंगर एडी' असे नाव होते. हणजुणच्या (अंजुनाच्या) हिप्पींमधला हा जुना माणूस आता आयपीए, म्हणजे 'इंडिया पेल एल' नावाची बिअर, होऊन फ्रीजमध्ये बसला आहे. मला छापील अक्षर दिसले की ते वाचल्याखेरीज पुढे जाता येत नाही, आणि अक्षर जितके बारीक तितका माझा हट्ट मोठा. या कॅनवर चित्राला पाऊण अंग दिलेले असते आणि मद्यार्काचा आकडा मुंगीएवढा, तोही शिवणीजवळ. चष्मा कपाळावर चढवून, एकेक थंड कॅन फिरवत मी ते आकडे वाचत राहिलो. 2018च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 5 टक्क्यांच्या वर आणि 8 टक्क्यांपर्यंत असेल ती कडक बिअर, एवढे मला वाचून ठाऊक होते.

दुकानदाराला मात्र आकड्यांशी कर्तव्य नव्हते. सर्वांत कडक कोणती असे विचारताच त्याने आयपीए पुढे केली, कारण ती कडू असते. आपल्या भाषेत ऊनही कडक, मास्तरही कडक, इस्त्रीही कडक आणि चहाही कडक, त्यामुळे त्याला दोष तरी कसा द्यावा? पण बिअरचा कडूपणा येतो हॉप्सच्या फुलांमुळे. ही फुले बिअरला टिकवतातही, आणि म्हणून इंग्लंडहून महिनोन् महिने समुद्रातून हिंदुस्थानात यायच्या बिअरमध्ये ती सढळ हाताने घालत; नावातला 'इंडिया' तिथला. कडकपणा येतो धान्यामुळे. बार्लीला मोड आणून, वाळवून, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची. साखर जास्त उतरली की यीस्टला खायला जास्त आणि मद्यार्कही जास्त. तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, निववायचा, यीस्ट घालून बंद करायचा आणि मग त्याच्याकडे काही दिवस पाहायचे नाही.

हे मनात घोळवत असतानाच मला वाटले, ही कृती आपल्या घरातली आहे.

माझी आजी दुपारच्या जेवणानंतर कपाटातून तपकिरी बाटली काढत असे. दोन चमचे औषध आणि बरोबर दोन चमचे पाणी, फुलपात्रात. चमचा एकच ठरलेला, मूठ किंचित वाकलेला. ती डोळे मिटून एका घोटात ते घ्यायची, मग फुलपात्रात पुन्हा थोडे पाणी घालून, हलवून, तेही प्यायची. तळाशी राहिलेले फुकट जाऊ द्यायचे नाही. ते द्राक्षारिष्ट होते. मनुकांचा काढा उकळून आटवायचा, गूळ घालायचा, धायटीची फुले घालायची आणि तोंड बांधून महिनाभर आंबत ठेवायचे. न उकळता आंबवले तर आसव, उकळून आंबवले तर अरिष्ट. म्हणजे शास्त्राने पाहू गेल्यास वाइन हे आसव आहे आणि बिअर हे बार्लीचे अरिष्ट. आजीनेही बिअरला अरिष्टच म्हटले असते, पण दुसऱ्या अर्थाने. एप्रिलमध्ये डोंगरापलीकडच्या भट्टीवर काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचा उराक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, उतरू लागला की वाऱ्यावर तो आंबूस, पिकलेला वास थेट माजघरात यायचा, आणि आजी म्हणायची, "खिडकी लाव रे, दारूचा वास येतो." हे ती फुलपात्र विसळताना म्हणायची.

पुढे कधीतरी, माझ्या वाचनाच्या खोडीने, अशाच एका बाटलीवरचे बारीक अक्षर मी वाचले. स्वयंजनित मद्यार्क, 5 ते 10 टक्के. कागदोपत्री आजी आमच्या दुकानदाराच्या बिअरच्या फ्रीजला भारी होती. बेल्जियममधल्या वेस्टमाले मठातली ट्रिपेल नावाची बिअर 9.5 टक्क्यांची असते. मठातली म्हटल्यावर आजीने निदान बाटली उघडून वास घेतला असता.

शेवटी मी 8 टक्क्यांच्या काळ्या स्टाउट बिअरचे दोन कॅन घेतले. रिकामा हात बरा दिसत नाही म्हणून पावशेर काजूगरही घेतले.

पाहुण्याला द्यायचे ते आधी आपण चाखून पाहावे, असे मी संध्याकाळी स्वतःला पटवले आणि एक कॅन पेल्यात ओतला. भाजलेल्या कॉफीसारखा रंग, वर बोटभर तपकिरी फेस. तेवढ्यात आई स्वयंपाकघरात आली. तिला आता फारसे दिसत नाही.

"काय रे ते काळे?"

"काढा," मी म्हणालो.

"मग आत्ताच कशाला घेतोस? जेवल्यावर घे."

मी पेल्यावर ताटली झाकली. भात व्हायला अजून अर्धा तास होता, आणि तेवढ्यात फेस बसला.