माझा अनुभव: “कुणाला मारते का? नाही ना? मग?”

आत्याला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे हे आमच्या घरात लपलेलं नव्हतं. काका होते तोवर गोळ्या वेळेवर जायच्या. ते गेल्यावर त्या बंद झाल्या आणि दार साखळीपुरतंच उघडू लागलं. फोनवर मात्र ती अगदी व्यवस्थित बोलायची.

एकदाची आत गेले. ओट्यावर धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या गड्ड्या, शेगडी त्यांच्याखाली गाडलेली. न्हाणीघरात छतापर्यंत वर्तमानपत्रं, म्हणजे आंघोळ बंदच. पायाच्या अंगठ्याचं नख वळून मांसात रुतलेलं. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकही गोळी न काढलेल्या.

यानंतर जे सुरू झालं त्याचा राग अजून जात नाही. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर एकच उत्तर: “पेशंटला घेऊन या.” अहो, ती उंबरा ओलांडत नाही म्हणून तर मी आले! पोलीस ठाण्यात विचारलं, “मारहाण करते? शेजाऱ्यांची तक्रार आहे?” नाही म्हटलं की वही मिटायची. नातेवाईकही तेच म्हणायचे, वय झालंय, एकटी राहते, पसारा असायचाच. कुणाला त्रास नाही, म्हणजे आजार नाही, असं जणू ठरलेलंच. पायाची जखम चिघळत होती, तो त्रास कुणाच्या हिशेबात नव्हता.

वाट दाखवली ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेविकेनं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 89 तिनं मला वाचायला लावलं. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करण्यासाठी त्यात हिंसा हे एकमेव कारण नाही. स्वतःला धोका होईल इतकी स्वतःची काळजी घेता न येणं, हेही स्पष्ट लिहिलेलं कारण आहे. अर्जात नेमके हेच शब्द घाला. ‘घरात फार पसारा आहे’ असं लिहाल तर अर्ज पडून राहील. जखम, वजन, न घेतलेली औषधं, बंद शेगडी असं तारखांसकट लिहा. फोटो डॉक्टरांपुरतेच ठेवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, तिचीही अब्रू आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञच हवेत. या कलमाखाली जास्तीत जास्त 30 दिवस ठेवता येतं.

नुसता पसारा आणि आजार यांतला फरक ओळखायला समाजसेविकेचे दोन प्रश्न मला फार कामी आले: ओट्यावर स्वयंपाक करता येतो का? पलंगावर झोपता येतं का? जागा ज्या कामाची, ते कामच होत नसेल तर थांबू नका.

वस्तू का ठेवल्यात हेही शांतपणे विचारा. आत्या म्हणाली, “अगं, पेपरात माझ्याबद्दल छापून येतं, रद्दीवाला वाचेल ना!” डॉक्टरांना या वाक्यानं दिशा मिळाली. साठवणुकीचा आजार, म्हणजे वस्तू टाकवतच नाहीत तो, 2013 पासून डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीत वेगळा नोंदलेला आहे, पण तसाच ढीग स्किझोफ्रेनियात, मंत्रचळात (ओसीडी) किंवा स्मृतिभ्रंशातही साचतो आणि उपचार त्याप्रमाणे बदलतात. म्हणून स्मरणशक्ती, थायरॉइड, बी-12 हेही तपासून घेतलं.

दाखल केल्यानंतर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जखम भरली.

ती दवाखान्यात असताना सगळं घर रिकामं करायला पुतणे निघाले होते, मी अडवलं. परस्पर फेकलं की विश्वास तुटतो आणि ढीग पुन्हा वाढतो. आधी शेगडी, न्हाणीघर आणि दारापर्यंतची वाट मोकळी करा, तीही तिला विचारून. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.